खोडवा ठेवायचा की नांगरायचा?
(अपघातात मोडलेल्या गाडीविषयी दोन शब्द)





या पानावर मी एरवी लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, नांग्या भरणे, पाचट आणि खताचे हप्ते यांविषयी लिहीत असतो. या अंकात जरा वाट सोडून लिहिणार आहे. लेख दिला तेव्हा संपादकांनीही विचारले, "साहेब, मोडक्या गाडीचा आणि उसाचा काय संबंध?" संबंध आहे, तो पुढे येईलच.

हंगाम संपला की गटऑफिसात सभासदांची ये-जा वाढते. बिलाची चौकशी होते, चहा होतो, आणि उठता उठता हळूच विषय निघतो. "साहेब, ट्रॅक्टर पलटी झालाय. कोण म्हणतंय करून घ्या, कोण म्हणतंय भंगारात घाला. तुमचं काय मत?" कुणाची मोटारसायकल असते, कुणाची जुनी जीप. आता मी काही मिस्त्री नव्हे. शेतीची पदविका घेतलेला माणूस, मला बुडखा कळतो, बेअरिंग कळत नाही. पण गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्याच दारात येऊन उभा राहिला. त्यात मी आधी चुकलो, मग एका जाणत्या माणसाने मला सरळ केले. ती हकिकत आणि त्यावरून झालेले माझे मत आपल्यापुढे ठेवतो. पटले तर घ्यावे.

आमच्या घरी राजदूत मोटारसायकल होती. वडिलांनी ती १९८४ साली घेतली. ते याच कारखान्याचे सभासद. त्या वर्षी उसाचे अंतिम बिल बरे निघाले, त्यातून गाडी दारात आली. तेव्हा आमच्या गल्लीत दुसरी मोटारसायकल नव्हती. राजदूत म्हणजे तेव्हा दूधवाल्यांची गाडी. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचे, चार-दोन किका मारायच्या, निळा धूर सोडत ती निघायची. लोहाराकडून दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या करून घेतल्या होत्या, त्यांत दुधाच्या किटल्या अडकवून वडील संस्थेत जायचे. येताना किटल्या रिकाम्या, पुढे टाकीवर मी आणि मागे खताचे पोते. माझे पदविकेचे शिक्षण, बहिणीचे लग्न, आजीचा दवाखाना, सगळे या गाडीने पाहिले. २०१४ साली वडील गेले. त्यानंतर मी रोजच्या कामाला दुसरी गाडी वापरत होतो, पण रविवारी राजदूत काढून मळ्यापर्यंत फेरी मारल्याशिवाय मला चैन पडत नसे. कागदपत्रे मी वेळच्या वेळी नूतन करून घेत होतो. विमा मात्र फक्त त्रयस्थाचा, म्हणजे थर्ड पार्टीचा. जुन्या गाडीला कशाला जास्त पैसे, हा विचार.

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. पाव्हण्यांच्या गावची जत्रा होती. हौस म्हणून राजदूत नेली. रात्री साडेनऊच्या सुमारास परत येत होतो. नदीकाठचा रस्ता, धुके पडलेले, आणि जुन्या गाडीचा दिवा तो केवढा! वळणावर उसाने भरलेली एक ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. दिसली तेव्हा पंधरा-वीस फुटांवर होती. ब्रेक दाबला, गाडी घसरली, आणि पुढचे चाक ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यावर जाऊन आदळले. माझ्या खांद्याचे हाड मोडले, गुडघा फुटला. डोक्याला हेल्मेट होते म्हणून आज हे लिहितो आहे. ट्रॉली कुणाची होती ते नाव लिहीत नाही. आपल्याच कारखान्याकडे ऊस घेऊन येणारी होती एवढे सांगतो.

गाडी दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून घरी आणली. पुढचे चाक चिंबून गेले होते, फोर्क मागे वाकला होता, दिवा फुटला होता, टाकीला माझ्या गुडघ्याचा खड्डा पडला होता. आईने पदराने टाकी पुसली आणि म्हणाली, "ह्यांची गाडी हाय ती. भंगारात घालायची न्हाई." मलाही तेच हवे होते. धाकटा भाऊ एवढेच म्हणाला, "दादा, भंगारवाला पाच हजार देतोय. पुढं दोन वर्षं ती नुसती गोठ्यात पडून राहणार." मी त्याच्यावर भडकलो. चार दिवस आमचे बोलणे नव्हते.

गावातल्या मेकॅनिकने गाडी बघितली. तरुण पोरगा, हुशार. त्याने पाच मिनिटांत सांगितले, "साहेब, पंधरा दिवसांत उभी करतो." फोर्क, चाक, दिवा, टाकीचे डेंटिंग, रंग, मजुरी, सगळे मिळून बत्तीस हजारांचा अंदाज दिला. मी लगेच हो म्हणालो. खांदा गळ्यात बांधलेला, कामावर जाता येत नव्हते, घरात बसून दिवसभर त्या गाडीकडे बघत होतो. अशा वेळी माणूस हिशेब करत नाही. उसाला टनाला तीन हजार रुपये धरले तर बत्तीस हजार म्हणजे जवळजवळ अकरा टन ऊस. माझ्या वीस गुंठ्यांच्या निडव्यातून त्या वर्षी एवढाच ऊस निघाला होता. हे गणित मला तेव्हा सुचले नाही. सभासदाला मात्र मी दर हंगामात टनाच्या भाषेत हिशेब शिकवतो!

सुटे भाग गावात मिळेनात. म्हणून महिन्याभराने गाडी कोल्हापूरला उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. सत्तरीचे गृहस्थ. हयातभर राजदूत, येझदी आणि बुलेट यांवरच काम केलेले. त्यांनी टाकीकडे पाहिले नाही, दिव्याकडे पाहिले नाही. आधी टाकी आणि पुढचे चाक उतरवायला लावले. मग हँडलचा दांडा ज्या नळीतून जातो, ज्याला ते गाडीची मान म्हणतात, तिच्यावर रॉकेलचे फडके फिरवले आणि बॅटरी मारून बघत बसले. मानेच्या सांध्याजवळ रंगाला बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. एका ठिकाणी केसाएवढी रेघ होती. त्यांनी मला बोलावून ती रेघ दाखवली. मग मागच्या चाकापासून पुढे दोन्ही अंगांनी दोरी ताणून धरली. पुढच्या बाजूला दोन दोऱ्यांत बोटभर फरक आला.

मी विचारले, "मिस्त्री, होईल का?"

ते म्हणाले, "न होयाला काय झालंय? मान तापवून वढतो, वर पट्टी मारतो, रंग मारतो. कुणाला कळणार न्हाई. खरं, एक सांगा साहेब. तुमचं पोरगं बसणार का हिच्यावर?"

मी म्हणालो, "बसणार की. त्याच्या आजोबांची गाडी आहे."

"मग मी हात लावत न्हाई," ते म्हणाले, आणि फडक्याला हात पुसत दुसऱ्या गाडीकडे गेले.

सभासदहो, या लेखात मला जे सांगायचे आहे ते सगळे या एका प्रश्नात आले. तरीही मत मांडायचे तर कारणे दिली पाहिजेत, म्हणून ती देतो.

आपण खोडवा ठेवायचा की नाही हे कसे ठरवतो? लागणीचा ऊस तोडून गेला की शेतात फुटवे दिसायला लागतात, हिरवेगार वाटते. पण हिरव्या पाल्यावर आपण खोडवा ठरवत नाही. आपण खाली वाकून बुडखे बघतो. बुडखे जिवंत आहेत का, तुटाळ किती पडली, काणी किंवा गवताळ वाढीची बेटे आहेत का, लागणीने टनेज किती दिले, हे सगळे बघतो. बुडखा निरोगी असला तर वरची दुरुस्ती हवी तेवढी करता येते. नांग्या भरता येतात, बगला फोडता येतात, खताची मात्रा देता येते. बुडख्यातच रोग असला तर वर कितीही युरिया टाका, तो खर्च मातीत जातो आणि रोग शेजारच्या रानात जातो. तेव्हा जड मनाने का होईना, नांगर घालावा लागतो. मग तो प्लॉट वडिलांनी पहिल्यांदा लावलेल्या रानातला का असेना.

अपघातात मोडलेल्या गाडीचेही असेच आहे. डेंट, काच, दिवा, रंग, सीट, चाक ही सगळी पाने. सांगाडा हा बुडखा. मोटारसायकलीत मान आणि चौकट, जीपमध्ये चासी. ट्रॅक्टरला तर वेगळी चासी नसतेच. इंजिन, क्लचचे घर आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टांनी जोडलेले असतात आणि तोच त्याचा कणा असतो. म्हणून पलटी झालेल्या ट्रॅक्टरचे बॉनेट चेपले, मडगार्ड गेले, रेडिएटर फुटला तर तोंड पाडायचे कारण नाही. पण त्या बीडाच्या घरांना तडा गेला असेल, बोल्टांची भोके ओढली गेली असतील, तर शंभर वेळा विचार करावा. बीडाला मारलेले वेल्डिंग सगळ्या ठिकाणी टिकतेच असे नाही, आणि भरल्या ट्रॉलीची ओढ सगळी तिथेच येते.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, मोडलेल्या गाडीचा अंदाज विचारायच्या आधी सांगाड्याचा दाखला घ्यावा. आणि तो अशा माणसाकडून घ्यावा, ज्याला ती दुरुस्ती मिळणार नाही. गावातल्या मेकॅनिकने मला फसवले असे मी म्हणत नाही. मी त्याला "उभी होईल का" एवढेच विचारले आणि त्याने त्याचेच उत्तर दिले. सुरक्षित होईल का, हे मी विचारलेच नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. इथे दोन उदाहरणे देतो. दोन्ही आपल्याच कार्यक्षेत्रातील आहेत. नावे देत नाही.

एका सभासदाचा जुना एच.एम.टी. ट्रॅक्टर कॅनॉलच्या भरावावरून पलटी झाला. पिंजोरचा तो ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ सालीच झाला, तेव्हा सगळे त्यांना म्हणाले, आता हा विकून टाका. त्यांनी घाई केली नाही. ट्रॅक्टर सरळ केल्यावर लगेच स्टार्टर मारला नाही, हे त्यांचे पहिले शहाणपण. उलट्या पडलेल्या इंजिनात ऑइल सिलिंडरमध्ये उतरलेले असते. तसेच स्टार्टर मारले तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पाच हजारांचे काम पन्नास हजारांवर जाते. त्यांनी नोझल काढून इंजिन हाताने फिरवले, ऑइल बदलले, मग चालू केले. घरे तपासली, शाबूत निघाली. पुढचा ॲक्सल, रेडिएटर, स्टिअरिंग आणि पत्रे एवढेच नुकसान. तेवढ्यात काम झाले. नवा ट्रॅक्टर घेतला असता तर पाच-सात वर्षे हप्ते उसाच्या बिलातून कापले गेले असते. आज तो ट्रॅक्टर त्यांच्या सरी सोडतो आहे. तिथे दुरुस्ती हाच शहाणपणा होता.

दुसऱ्या एका बंधूंची जीप झाडावर आदळली. चासी वाकली. जीप त्यांच्या लग्नातली, गावभर त्यांना त्या जीपवरूनच ओळखत. त्यांनी पहिल्यांदा चाळीस हजार घातले. मग ती एका बाजूला ओढायला लागली, म्हणून आणखी वीस. मग महिन्यांत टायर झिजायला लागले, म्हणून आणखी. "एवढे घातलेत तर आता थोड्यासाठी कशाला सोडायची," असे करत करत लागणीच्या खतासाठी ठेवलेले पैसेही त्यातच गेले. त्या वर्षी त्यांचा ऊस पिवळा राहिला. जीप आजही घराच्या मागे उभी आहे. चालत नाही.

दोघांचेही प्रेम सारखेच होते. फरक एवढाच की पहिल्याने खर्चाची हद्द आधी ठरवली आणि दुसऱ्याने ती प्रत्येक वेळी पुढे ढकलली. तेव्हा सुरुवातीलाच वहीत लिहावे : दुरुस्ती किती, दुरुस्तीनंतर गाडीची किंमत किती, आणि तेवढ्या पैशात कामाला येणारी दुसरी गाडी मिळते का. सगळे भाग उघडल्यावर अंदाज वाढतोच, म्हणून मिस्त्रीने सांगितलेल्या आकड्यात चौथा हिस्सा आणखी धरावा. शेवटी आकडा टनांत मांडावा. अकरा टन म्हटले की माणूस जागा होतो. आणि एक पथ्य कडकपणे पाळावे : पीककर्जाचे पैसे गाडीत घालू नयेत.

तिसरी गोष्ट विम्याची आणि कागदांची. इथे आपले बरेच बंधू नाडले जातात, मीही नाडलो.

फक्त त्रयस्थाचा विमा असेल तर आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला एक पैसाही मिळत नाही. तो कायद्याने सक्तीचा आहे, पण तो समोरच्यासाठी आहे. म्हणून ज्या वाहनावर आपले पोट आहे, त्याचा पूर्ण विमा असावा. अपघात झाला की गाडी हलवण्यापूर्वी फोटो काढावेत, विमा कंपनीला लगेच कळवावे आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत नटबोल्टही सोडू नये. उत्साहाने आधी दुरुस्ती केली की दावा अडकतो. दावा मंजूर झाला तरी सगळे पैसे मिळतील असे धरू नये. पूर्ण विम्याच्या साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांवर पन्नास टक्के घसारा कापतात. लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कापतात, आणि दहा वर्षांवरच्या गाडीला तोही पन्नास टक्के असतो. पॉलिसीत गाडीची एक किंमत धरलेली असते, तिला आय.डी.व्ही. म्हणतात. दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला तर कंपनी गाडी पूर्ण नुकसान धरते. म्हणजे चार लाख किंमत धरली असेल आणि दुरुस्ती तीन लाखांच्या वर जात असेल, तर दुरुस्तीचा हट्ट न धरता पूर्ण नुकसानीचा दावा करावा. हा आकडा आपल्याही मनाला चांगला मापदंड आहे. विमा नसला तरी, पाऊण किमतीच्या वर खर्च जात असेल तर थांबून विचार करावा.

समोरच्याची चूक असेल तर त्याच्या विम्यातून भरपाई मागता येते. त्यासाठी पोलिसांत नोंद आणि पंचनामा पाहिजे. मी नोंद केली नाही. ट्रॉली आपल्यातली, मुकादम ओळखीचा, ड्रायव्हर हात जोडून उभा, टोळीतल्या बायका रडायला लागलेल्या. मी म्हणालो, जाऊ दे. दवाखान्याचे बिल मी भरले, गाडीचे नुकसान मी सोसले. तेव्हा मला हा मोठेपणा वाटला होता. आज वाटते, मी चुकलो. पैसे विमा कंपनीने दिले असते, त्या ड्रायव्हरच्या खिशातून गेले नसते. आणि नोंद झाली असती तर पुढच्या आठवड्यात ती ट्रॉली रिफ्लेक्टरशिवाय रस्त्यावर आली नसती.

गाडी कायमची निकामी झाली असे ठरले, तर तसे चौदा दिवसांत आर.टी.ओ. कार्यालयाला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, असे मोटार वाहन कायदा सांगतो. भंगारवाल्याला गाडी आणि नंबरप्लेट दोन्ही देऊन मोकळे होऊ नये. उद्या त्या नंबरावर कुणी दुसरीच गाडी फिरवली तर पोलीस आपल्याच दारात येतात. तसेच एका गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीत बसवले तर त्याची नोंद पुस्तकात झाली पाहिजे.

आता शेवटची आणि सगळ्यात अवघड गोष्ट, मायेची.

कुणी म्हणतील, "साहेब, शेवटी ते लोखंड. लोखंडावर कसली माया?" हे मला पटत नाही. ज्या बैलाने आयुष्यभर मोट ओढली त्याला आपण बेंदराला ओवाळतो. त्याच मायेने आपण यंत्राकडेही बघतो, खंडेनवमीला त्याला हार घालतो. ज्या घरात वस्तूची किंमत नाही तिथे कष्टाचीही किंमत राहत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जपून वापरणारा शेतकरी अडाणी नव्हे. दर पाच वर्षांनी नवी गाडी घेऊन हप्त्यात बुडणाऱ्यापेक्षा तो शहाणा. म्हणून कुणी जुनी गाडी करून घेतो म्हटले तर मी त्याला हसणार नाही. सांगाडा शाबूत असेल, हिशेब बसत असेल, तर जरूर करावी, आणि दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. ते दोन पैसे मायेचे.

पण मायेला एक मर्यादा आहे. ती खर्च थोडा वाढवू शकते, तडा बुजवू शकत नाही. वडिलांची आठवण म्हणून मी ती मान तापवून सरळ केली असती, वर चकचकीत रंग मारला असता, आणि त्यावर मुलाला बसवून रस्त्यावर पाठवले असते, तर त्या आठवणीचा मी काय मान राखला असता?

कोल्हापूरहून त्या दिवशी गाडी तशीच परत आणली. रात्री आईला सगळे सांगितले. मला वाटले, ती रडेल. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तुझ्या बानं गाडी घेतली ती सगळ्यांनी सुखानं जावं-यावं म्हणून. आता ती तसं न्हेत नसंल तर ऱ्हाऊ दे." एवढेच. जे मला पदविका घेऊन दोन महिन्यांत कळले नाही ते तिने चुलीपुढे बसून एका वाक्यात सांगितले.

मग मी नोंदणी रद्द करून घेतली. मागचे चाक, कार्बोरेटर, सीट असे चांगले भाग शेजारच्या गावातल्या एका सभासदाला दिले. त्याची राजदूत भागांअभावी तीन वर्षे बंद होती, ती आता चालते. पैसे घेतले नाहीत. त्यानेही ऐकले नाही, गुळाची ढेप घरी आणून दिली. मोडकी चौकट मधोमध कापून मगच भंगारात घातली, म्हणजे तिच्यावर पुन्हा कुणी रंग मारणार नाही. इंजिन घरी ठेवले आहे. थोरला मुलगा आय.टी.आय.ला आहे, तो आणि त्याचा मित्र ते उघडून पुन्हा बसवायला शिकतात. दोनदा चालू करून दाखवले, गोठाभर तोच निळा धूर. दुधाच्या किटल्यांच्या त्या दोन कड्या गोठ्याच्या भिंतीत बसवल्या, त्यांना दावी अडकवतो. धाकट्या भावाची मी माफी मागितली. तो म्हणाला, "दादा, मलापण वाईटच वाटत हुतं. खरं, बोलायचं कुणीतरी."

हे सगळे लिहिण्याचे कारण असे की, पुढचा हंगाम जवळ येतो आहे. रस्त्यावर पुन्हा आपल्याच ट्रॉल्या, आपलेच ट्रॅक्टर, आपल्याच मोटारसायकली असतील. कुणाची तरी गाडी मोडणार, आणि घरात हाच वाद होणार. त्या वेळी भाऊ भावावर भडकण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. आधी माणसाकडे बघावे. मग जाणत्याकडून सांगाडा तपासून घ्यावा. मग टनांत हिशेब मांडावा. आणि शेवटी तो मिस्त्रींचा प्रश्न स्वतःला विचारावा : दुरुस्त झाल्यावर आपल्या पोराला यावर बसवाल का? उत्तर 'हो' आले तर खुशाल करावी. उत्तर देताना जीभ अडखळली तर नांगर घालावा.

आणि मी ज्या खात्यात काम करतो त्या खात्याची कबुलीही इथेच देतो. ती ट्रॉली आपल्या यार्डात त्या हंगामात अनेक वेळा येऊन गेली असणार. वजन झाले, पावती झाली, मागे रिफ्लेक्टर आहे की नाही हे आमच्यापैकी कुणी बघितले नाही. मीही नाही. हंगामाच्या सुरुवातीला फोटोपुरते आठ-दहा ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावून भागत नाही. येत्या हंगामात माझ्या गटात नंबर लावतानाच ट्रॉलीची मागची बाजू बघितली जाईल, असे मी ठरवले आहे. मागे लाल रिफ्लेक्टर नसेल तर नंबर लागणार नाही, मग ती कुणाचीही असो. पंक्चर झाली तर ट्रॉली शक्य तितकी कडेला घ्यावी, मागे पन्नास पावलांवर माणूस बॅटरी घेऊन उभा करावा, आणि निघताना लावलेले दगड रस्त्यावरून काढून टाकावेत. यावरून कुणाशी दोन शब्द झाले तर राग मानू नये. रिफ्लेक्टरचा खर्च एका मोळीएवढाही नाही. माझा खांदा अजून थंडीत दुखतो, आणि रविवारी मळ्याकडे जाताना कान अजून तो आवाज शोधतात.

असो. पुढच्या अंकात नेहमीप्रमाणे खोडवा व्यवस्थापनावर लिहीन. बुडखे जमिनीलगत छाटायला विसरू नका, आणि पाचट जाळू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी